आत्याबाईंची न्हाणी

माझ्या सासूबाई द्वारकाबाई पोलीस ॲक्शनच्या साली जन्मल्या. महिना आणि तिथी कुणालाच माहीत नाही. रझाकारांच्या भीतीनं गाव रानात जाऊन राहिलं होतं, ते परत आलं, घरोघरी पुन्हा चुली पेटल्या आणि त्याच आठवड्यात ही झाली, एवढंच त्यांच्या आईनं सांगून ठेवलेलं. आधार कार्ड काढताना तिथल्या माणसानं जन्मतारीख विचारली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "लोक रानातून घरी आले तवाची." त्यानं मुकाट्यानं एक जानेवारी टाकली.

सासूला आमच्या गंगापूरकडं आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. लग्नानंतरची बरीच वर्षं मी त्यांच्याशी भांडण्यात घालवली आणि सासरे गेल्यावर त्या आमच्याकडं सिडकोत एन-नऊला राहायला आल्या, तेव्हापासून त्यांना सुधारण्यात. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. लोकांच्या फायलींमधल्या चुका काढणं हेच माझं काम, आणि ते मी चांगलं करते असा माझा समज आहे. घरीही तोच चष्मा डोळ्यांवर असतो, असं माझा नवरा बद्रीनाथ म्हणतो. तो वाळूजला कारखान्यात आहे. पहिल्या पाळीची बस पहाटे येते, आणि त्याआधी आमच्या घरात एक गोष्ट झालेली असायची, ती म्हणजे आत्याबाईंची आंघोळ.

आंघोळ झाल्याशिवाय त्या तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. ताप असो, पाहुणे असोत, की नळाला आठवडाभर पाणी नसो. त्यांची एक बादली बाजूला काढून ठेवायची, त्यात बोट घालायची कुणाची हिंमत नव्हती. आत गेल्या की चाळीस मिनिटं. दगडानं टाचा घासायच्या, स्वतःचं लुगडं स्वतः धुवायचं, पिळायचं, आणि केस पुसत बाहेर यायचं. बाहेर आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर असा काही तोरा असायचा की विचारू नका. मला त्याचा राग यायचा. एवढं काय ते एका आंघोळीचं, असं मी मनात म्हणायची, आणि कधीकधी मोठ्यानंही.

अडीच वर्षांपूर्वी न्हाणीची भिंत ओल धरू लागली. स्वयंपाकघराच्या बाजूनं रंगाचे पोपडे पडले, डाळीच्या डब्यांना बुरशी आली. जुन्या पांढऱ्या टाइल वाजवून पाहिल्या तर निम्म्या पोकळ. सगळी न्हाणी उखडून नवी करायची ठरली. कुणीतरी नवाब मिस्त्रीचं नाव सांगितलं. हा खुलताबादचा माणूस, पन्नाशी उलटलेली, जुन्या मोटारसायकलवर घाट उतरून यायचा. बोलणं थोडं, काम सावकाश. टाइल पाहायला दुकानात तो गिऱ्हाइकाबरोबर स्वतः येतो, पण तिथं काही बोलत नाही. बाहेर निघताना एवढंच म्हणतो, "दुकानात पसंत करा, मॅडम. पास न्हाणीत करू."

याचा अर्थ मला पुढं कळला.

बीड बायपासवरच्या दुकानात आम्ही तिघं आणि नवाबभाई असे गेलो. आत्याबाईंना नेण्याचं काही कारण नव्हतं, पण त्या सकाळीच चपला घालून ओट्यावर बसलेल्या. दुकानदारानं भिंतभर नमुने लावले होते. हल्ली टाइल तीन जातींच्या मिळून येतात. खाली गडद, वर फिकी, आणि मध्ये एक नक्षीची ओळ, जिला सगळे हायलाइटर म्हणतात. कारंजी, गुलाब, कॉफीचे कप, काय वाटेल ते त्यावर असतं. आमच्या शेजारच्या काकासाहेबांनी डॉल्फिन उड्या मारताहेत असा हायलाइटर लावला आणि मग त्याच्यापुढं पाण्याचा निळा ड्रम ठेवला. आता त्या डॉल्फिनच्या फक्त शेपट्या दिसतात.

मला असलं काही नको होतं. मी मोबाइलमध्ये एका हॉटेलच्या न्हाणीचा फोटो जपून ठेवला होता. भिंत आणि फरशी सगळं एकाच फिक्या बदामी रंगाचं, गुळगुळीत, कुठं रेघ नाही की फूल नाही. मला आयुष्यात एक तरी खोली अशी हवी होती, जिथं नजर कशालाच अडकणार नाही. दुकानदार म्हणाला, हेच चाललंय सध्या. मी खूश झाले.

आत्याबाई मात्र एकेका नमुन्यावरून तळहात फिरवत चालल्या होत्या. लुगड्याचा पोत पाहावा तसा. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली, तसं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात एक उठावाची टाइल होती, किरमिजी रंगाची, तिच्यावर वेल आणि बोटाएवढी जाड पानं. तिथं त्यांचा हात थांबला. परत मागं गेला, परत पुढं.

"ही घे," त्या म्हणाल्या.

दुकानदार म्हणाला, "आजी, हा जुना माल आहे. शिल्लक राहिलाय. शहरात कुणी लावत नाही आता."

"मी काय शहराची हाय?"

"आत्याबाई," मी खालच्या आवाजात म्हणाले, "त्या पानापानात साबण बसेल. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतील. घासणार कोण?"

"मी घासीन."

"घासून काय उपयोग? दिसतं तरी बरं का ते?"

त्यांनी पानांवरचा हात काढून घेतला. मी बदामी टाइल सांगून टाकली. बद्रीनाथनं मान डोलावली. तो दुकानात कशालाही मान डोलावतो, लवकर बाहेर पडता येतं म्हणून. नवाबभाई लांब उभा राहून आत्याबाईंच्या पायांकडं पाहत होता. चप्पल तुटली असेल, असं मला वाटलं.

जुनं सगळं निघालं, भिंतींना नवं प्लास्टर झालं, खाली सिमेंटचा कोबा झाला. मग एका रविवारी नवाबभाईनं सिमेंट न लावता, कोरड्याच टाइल सगळीकडं मांडल्या. फरशीवर पसरल्या, भिंतीला टेकवून पट्ट्यांनी अडकवल्या. बादलीशेजारी तांब्या-साबण ठेवायला छोटा कट्टा बांधला होता, त्यावरही एक बसवली. मग फरशीवर पाणी शिंपडलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "आता घरातल्या सगळ्यांनी एकेकानं आत जाऊन यायचं. पाय ओले करून. आणि चष्मा काढून."

"चष्मा कशाला काढायचा?" मी विचारलं.

"आंघोळ चष्मा लावून करता का, मॅडम?"

हा त्याचा नियम होता. तीस वर्षांत त्यानं एकही न्हाणी अशी घरच्यांना चालवून पाहिल्याशिवाय पक्की केली नव्हती. मला तो नाटकीपणा वाटला, पण गेले. चष्म्याशिवाय सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. "छान आहे," मी म्हणाले. त्यानं विचारलं, "भिंत कुठून सुरू झाली ते दिसतंय?" मी अंदाजानं बोट दाखवलं. त्यानं पुढच्याला आत जायची खूण केली. बद्रीनाथ आत जाऊन, छान म्हणून बाहेर आला.

आत्याबाई उठेनात. मला काय कळतंय त्यातलं, तुम्हाला आवडलं ना, बस झालं, असं काहीबाही सांगत राहिल्या. ज्या बाईला दुकानात वेल हवी होती तिला आता काहीच कळत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी हाताला धरून त्यांना न्हाणीच्या दाराशी नेलं आणि म्हणाले, "दोन पावलं टाका की. काय खाणार आहे का ती तुम्हाला?"

त्यांनी पावलं टाकली. एक हात पुढं धरलेला. नवाबभाईनं तांब्या त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "अम्मा, हा त्या कट्ट्यावर ठेवा."

त्यांनी तांब्या पुढं नेला आणि कट्ट्याच्या वीतभर अलीकडं, मोकळ्या हवेत ठेवला. तो दणकन खाली पडला. एका टाइलचा कोपरा उडाला.

तेव्हा मी जे बोलले ते लिहायला मला आजही जड जातं. मी म्हणाले, "तुम्हाला ही नको होती म्हणून मुद्दाम करताय ना हे?"

त्या तशाच उभ्या राहिल्या, हात पुढं धरून. नवाबभाई खाली बसून टवका गोळा करत होता. वर न पाहताच बोलला.

"मॅडम, बुरा मानू नका. अम्मा मुद्दाम नाय करत. मी लोकांचे पायच बघत आलोय. ज्याला दिसतं त्याचा पाय सीधा पडतो. अम्मांचा पाय आधी जमीन चाचपतो, मग पडतो. दुकानातबी तसंच चालत होत्या. तुम्हाला सांगायचं होतं, पण घरातली बात, मी कसं बोलू?"

बद्रीनाथ हसला, काहीतरी भलतंच ऐकल्यासारखा. मला मात्र हसू आलं नाही. एकेक गोष्ट डोळ्यांपुढं यायला लागली. आत्याबाईंनी तांदूळ निवडणं सोडलं होतं, कंटाळा येतो म्हणून. माझी बहीण आली की ती बोलेपर्यंत तिला ओळखायच्या नाहीत. भाजीत दोनदा मीठ. खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला यायचं बंद केलं, पाय दुखतात म्हणून. टीव्हीकडं तोंड न करता बसायच्या, वर म्हणायच्या, बघायचं काय त्यात, ऐकू येतं ना. मी हे सगळं त्यांच्या हेकटपणाच्या खात्यात टाकलं होतं. रोज उठून परक्यांच्या चुका शोधणारी मी, आणि माझ्या घरातल्या माणसाची नजर माझ्यासमोर चालली होती ती मला दिसली नाही. मला माझी शरम वाटली. दुसरा शब्द नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात समोरचं तेवढं दिसत होतं, आजूबाजूचं सगळं बंद. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंब घालून जमेल तेवढी टिकवायची. मग विचारलं, याआधी कुणी सांगितलं नव्हतं का? आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि चार घड्या घातलेला एक कागद पुढं केला. गावाकडं लग्नाला गेल्या होत्या, तिथल्या तपासणी शिबिराचा. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात दाखवा. कागद दोन वर्षांपूर्वीचा होता.

"माय, दोन वर्षं?" बद्रीनाथ डॉक्टरांसमोरच ओरडला.

"तुमच्या मागं काय कमी व्याप हायेत?" त्या म्हणाल्या.

घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं. आता आत्याबाईंना न्हाणीत एकटं सोडायचं नाही. मीच आंघोळ घालणार. कचेरीत जायच्या आधी अर्धा तास काढायचा, त्यात काय मोठं. संध्याकाळी मी जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली. बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, "आशा, तू केलंस म्हणून." मलाही बरं वाटलं, पाप फिटल्यासारखं. नवाबभाईला निरोप दिला की बदामीच टाइल पक्की कर, आता मी बरोबर असणार आहे. तो फोनवर म्हणाला, "अम्मांना विचारलं?" मी म्हणाले, "त्यांच्यासाठीच चाललंय सगळं."

न्हाणीचं काम चालू असल्यामुळं मागच्या अंगणात पत्रे लावून तात्पुरती सोय केली होती. पहिल्या सकाळी मी पाणी तापवलं, खुर्ची ठेवली, टॉवेल घेतला आणि त्यांना हाक मारली.

"आज नको," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही नको. आणि आंघोळ नाही म्हणून पाणीही नाही, चहाही नाही. दुपारी बारा वाजता नुसत्या ओट्यावर बसलेल्या, ओठ सुकलेले. आधी समजावलं, मग चिडले, मग रडकुंडीला आले. मी रजा टाकून घरी थांबले होते, आणि ही बाई तोंड उघडेना. शेवटी मी त्यांच्या पुढ्यात खाली बसले आणि म्हणाले, "माझ्या हातून आंघोळ घालून घ्यायला एवढं काय वाईट वाटतं तुम्हाला? मी परकी आहे का?"

त्या बोलल्या. माझ्याकडं तोंड न करता.

"भागूबाई माझी सासू. तुला ठावं नाय, तू यायच्या लई आधी गेली ती. तिला आठ वर्षं दिसत नव्हतं. मीच घालायची आंघोळ. पहिल्यानं लई मायेनं घातली, आशा. पाणी तापवायचं, शिकेकाई चोळायची, लोक म्हणायचे सून असावी तर अशी. मग रोजचं झालं. पाणी विहिरीवरून आणायचं, रानात जायचं, हा बद्री पोटात. एक दिवस थंडीचा. माझ्या जिवाचा नुसता संताप झालेला, कशानं ते बी आता आठवत नाय. मी तिला सांगितलं नाय, काय नाय. भसकन तांब्या ओतला डोक्यावर. गार पाणी."

त्या थांबल्या.

"ती दचकली. तिनं दोन्ही हात असे वर केले. कुणी मारायला आल्यावर करतात ना, तसे. आन म्हणली, चुकलं बाई माझं. तिचं काय चुकलं होतं? त्यानंतर मी कधीच तसं केलं नाय. देवाशपथ नाय. पण ती मरंपर्यंत रोज, दगडावर बसली का आधीच हात वर धरून बसायची. पाणी पडायच्या आधी. रोज."

ओट्यासमोरून कुणीतरी भाजीची गाडी घेऊन ओरडत गेला. आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मी वाईट नव्हते, आशा. तू बी नाय. पण माझ्यावर तसं हात वर करून बसायची पाळी नको आन तुझ्यावर ते बघायची नको. म्हणून डोळ्याचं सांगितलं नाय. कळलं असतं तर तुम्ही पहिल्यानं माझी आंघोळच काढून घेतली असती. आन घेतलीच की नाय?"

मी तसं कधीच करणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि चारच दिवसांपूर्वी न्हाणीच्या दारात त्यांना काय बोलले होते ते आठवलं. तेव्हा तर मी त्यांना एक दिवसही आंघोळ घातलेली नव्हती. तोंड पुन्हा मिटलं. कसलं वचन देणार होते मी?

"मग काय करू, सांगा," मी म्हणाले.

"माझी आंघोळ माझी मला करू दे. ती वेलाची टाइल आण. तिला हात लागतो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात ती बाई पोत पाहत नव्हती. न्हाणीत वाट कशी सापडेल ते पाहत होती. मी नवाबभाईला फोन लावला. म्हणाला, बदामीची एकही टाइल त्यानं अजून सिमेंटनं बसवली नव्हती. "मला वाटलंच, तुम्ही फोन कराल," एवढंच.

आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी आत्याबाईंनी चपला दारात काढल्या. नवाबभाईनं खरबरीत टाइलचे पाच-सहा नमुने जमिनीवर ओळीनं मांडले, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, आणि त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेकावर उभ्या राहिल्या. ही टोचते. ही सरकती. हिच्यावर साबण पडला तर जीवच जाईल. शेवटी गडद कॉफी रंगाची एक पसंत केली, आणि डाव्या डोळ्यासमोर धरून विचारलं, "ही काळी हाय ना? मग भिंती पांढऱ्या घ्या. म्हंजे जमीन कुठं संपली ते मला कळंल. जवर कळतंय तवर." वेलाच्या टाइल दुकानात एका ओळीला पुरतील एवढ्याच उरल्या होत्या. दुकानदारानं त्या गोदामातून शोधून आणून धूळ पुसून दिल्या. या वेळी कुणी हसलं नाही, किंवा हसलं असेल तर मी तिकडं पाहिलं नाही.

हायलाइटर लावायची रीत छातीच्या उंचीवर. नवाबभाईनं आत्याबाईंना दारातून आत चालवलं, हात आपोआप जिथं भिंतीला टेकला तिथं पेन्सिलीनं खूण केली. पुन्हा चालवलं, पुन्हा खूण. सात-आठ वेळा. माझ्या कमरेच्या जरा वर ती रेघ आली. दारापासून निघून कोपऱ्यातून वळून वेल कट्ट्यापर्यंत गेली आणि नळापाशी थांबली. गरम पाण्याच्या नळाखाली एक टाइल आडवीऐवजी उभी लावायला आत्याबाईंनी सांगितलं. पानं वर चढली की समजायचं, इथं हात भाजतो.

काम झाल्यावर काकासाहेब पाहायला आले. दारातूनच म्हणाले, "अरेरे, मिस्त्रीनं घोटाळा केला वाटतं. हायलाइटर एवढा खाली घेतला?"

"आमचा हायलाइटर रोज वापरात असतो, काकासाहेब," मी म्हणाले. "तुमच्या डॉल्फिनना मात्र जरा उजेड दाखवा."

ते हसत हसत गेले.

पहिले काही दिवस मी न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहायची. आतून पाण्याचा आवाज थांबला की माझा हात दाराकडं जायचा. चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "आशा, तिथं उभी ऱ्हाऊ नको. तुझा श्वास ऐकू येतो मला." मग मी स्वयंपाकघरात जाऊ लागले. कठीण होतं, पण गेले. तीन आठवड्यांत त्यांचा तोरा परत आला. केस पुसत बाहेर यायच्या आणि सांगायच्या, "सातवं पान आलं का कट्टा, अकरावं आलं का नळ." रविवारी जुना दातांचा ब्रश घेऊन बसायच्या आणि एकेक पान घासायच्या. डाग पडतात म्हणून मी दुकानात जो वाद घातला होता तो त्यांनी एकदाही काढला नाही. मी असते तर रोज काढला असता.

दीड वर्षानं डाव्या डोळ्यातलं उरलेलंही गेलं. थेंब नियमानं घालत होतो, तरी गेलं. एका सकाळी चहा पिताना त्यांनी सांगितलं, "काल परवापासून दिवा लावला का नाय ते बी कळंना." बद्रीनाथ कप तसाच ठेवून उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. आत्याबाई भिंतीला हात लावून न्हाणीत गेल्या आणि भिजत ठेवलेलं लुगडं धुवायला घेतलं. मला वाटलं होतं, आता तरी त्या हरतील. हरल्या नाहीत. आंघोळ त्यांची त्याच करत राहिल्या, चाळीस मिनिटांची पन्नास झाली एवढंच.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. कचेरीत तपासणी होती, मला वेळेआधी पोचायचं होतं. मी घाईघाईनं वेणी घालत होते आणि न्हाणीतून हाक आली, "आशा!"

कंगवा कुठं पडला मला आठवत नाही. धावत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, ओलेत्या, पाठ माझ्याकडं. पडल्या नव्हत्या. काही झालं नव्हतं.

"काय झालं?" मला धाप लागली होती.

"काय नाय. पाठीला हात पुरंना माझा. जरा घासती का?" मग लगेच म्हणाल्या, "येळ नसंल तर ऱ्हाऊ दे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला आत कधी बोलावलं नव्हतं. मी घड्याळाकडं पाहिलं. मग निऱ्या खोचल्या आणि आत गेले. त्यांची पाठ किती लहान आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी साबण लावला, घासली, मानेपासून कमरेपर्यंत. त्यांनी मान पुढं वाकवली.

तांब्या भरला. म्हणाले, "आत्याबाई, पाणी घालते आहे," आणि आधी थोडं त्यांच्या तळहातावर सोडलं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "ओत."

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मी ओतलं, आणि ते तिथंच राहिले.